तणसाखालची गाडी

ती पांढरी गाडी अजूनही अधूनमधून माझ्या डोळ्यांपुढे येते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे मात्र वेगळं राहिलं. गुन्हा म्हणून ते फार मोठं नव्हतंच.

मी तेव्हा नागपूर शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्ती जवळ आली होती आणि रोजच्या बंदोबस्तानं जीव थकून गेला होता. आमच्या हद्दीत रिंग रोडला लागून एक एजन्सी होती. स्वतः चालवायला गाड्या भाड्यानं देणारी. तिच्या तक्रारी घेऊन लोक ठाण्यात यायचे. कोणाला बुक केलेली गाडी मिळालीच नव्हती. कोणाला जुनाच ओरखडा दाखवून अनामत अडवून धरली होती. कोणाची गाडी भर रस्त्यात बंद पडली आणि मदतीच्या नंबरवर नुसतं संगीत वाजत राहिलं. बहुतेक वेळा त्यात फौजदारी काही निघत नसे. मग ठाणे अंमलदार त्यांना ग्राहक मंचाचा रस्ता दाखवी. चिडून आलेली माणसं आणखी चिडून परत जात.

एका सकाळी एजन्सीचा मालकच तक्रार घेऊन आला. चाळिशीचा, नीटनेटका, बोलण्यात सराईत. एका ग्राहकानं एका दिवसासाठी गाडी नेली, ती परत आणलीच नाही. गाडीत बसवलेला ट्रॅकर त्याच दुपारी बंद झाला. ग्राहकाचा फोनही लागत नाही. आठवडा वाट पाहून आलो, असं त्यानं सांगितलं. ग्राहक बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात सुपरवायझर होता. कारखान्यात चौकशी केली, तर तो त्या दिवसापासून कामावर आलेला नव्हता. ट्रॅकर काढायचा, नंबरप्लेट बदलायची आणि गाडी परराज्यात विकायची, असले गुन्हे आम्ही पाहिले होते. मी अपहाराचा गुन्हा दाखल करून घेतला.

दोनच दिवसांत खबर आली. जिल्ह्यातल्याच कुही तालुक्यात फिरणारा एक भंगारवाला आमच्या हवालदाराच्या ओळखीचा होता. त्यानं सांगितलं, की एका खेड्यातल्या शेतात शहरातली गाडी ट्रॅक्टरनं ओढून नेताना लोकांनी पाहिली आहे. आम्ही तिथल्या स्थानिक ठाण्याला कळवलं, दोन पंच सोबत घेतले आणि निघालो.

धानाची कापणी-मळणी उरकली होती. खळ्यात तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, मोठा ढीग होता आणि त्याच्या एका बाजूनं गाडीचा आरसा बाहेर दिसत होता. ढिगाजवळ बाजेवर एक माणूस बसला होता. पस्तिशीचा असेल. डोक्याचा तुळतुळीत गोटा. आम्हाला पाहून तो पळाला नाही, उठलाही नाही.

हवालदार माझ्या कानाशी लागला. "साहेब, हुलिया बदलला यानं."

मी तणस बाजूला करून गाडी पाहिली. नंबरप्लेट तीच होती, चाकं जागेवर होती, एक सुटा भागही काढलेला नव्हता. डॅशबोर्डखालचा ट्रॅकर तेवढा वायरीसकट उपटलेला. मागच्या सीटवर घडी विस्कटलेली सोलापुरी चादर होती आणि ऑक्सिजनचं लहान सिलिंडर. पंचनामा करून आम्ही त्याला शहरात आणलं.

चौकशीत तो तोंड उघडेना. उपनिरीक्षकानं सगळं विचारून पाहिलं. गाडी कोणाला देणार होतास, साथीदार कोण, ट्रॅकर काहून काढला. तो भिंतीकडे पाहत बसला. माझा अनुभव असा, की अट्टल माणूस गप्प बसत नाही. तो बोलत राहतो, रोज नवी गोष्ट सांगतो. असा गप्प बसणारा माणूस मला नेहमीच अवघड वाटत आला.

मी उपनिरीक्षकाला बाहेर पाठवलं, चहा मागवला आणि विचारलं, "घरी कोण गेलं?"

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "बाबा," तो म्हणाला.

मग तो बोलू लागला.

वडिलांच्या फुप्फुसाचा आजार बळावला होता. नागपूरच्या दवाखान्यातून सुट्टी झाली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, की घरी न्या, ऑक्सिजन लावून ठेवा. म्हाताऱ्याला गावीच जायचं होतं. मुलानं गाडी भाड्यानं घेतली. कुहीच्या पुढे जायचं आहे, चालेल ना, असं त्यानं काउंटरवर विचारलंही होतं. जिल्ह्यात कुठंही न्या, असं उत्तर मिळालं.

"कुही मागं टाकली, साहेब. बाबाले तहान लागली म्हणून गाडी बाजूले घेतली. पाणी पाजलं. मंग गाडी चालूच नाही झाली."

त्यानं एजन्सीला फोन लावला. फोनवरच्या मुलीनं सांगितलं, की गाडी ठरलेल्या हद्दीबाहेर गेली म्हणून तिचं इंजिन ऑफिसमधून बंद झालं आहे. ॲपवर जाऊन जादा भाडं मंजूर करा, गाडी चालू होईल. तिथं नेटवर्क नीट नव्हतं, ॲप उघडेना. त्यानं तिला सांगितलं, की गाडीत पेशंट आहे, सिलिंडर संपत आलं आहे. सरांना विचारून सांगते, असं म्हणून तिनं फोन ठेवला. त्यानंतर तिकडून कोणी फोन उचललाच नाही.

"मी लावतच राहिलो, साहेब. दर वेळी थे बाई म्हणे, तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, लाइनवर राहा. मले वाटे, आता उचलन, आता गाडी चालू होईन. बाबाचा हात माह्या हातात होता. कितीतरी गाड्या बाजूनं गेल्या. मी त्यायले हात नाही केला. पह्यलेच दुसरी गाडी थांबवाले पाहिजे होती ना?"

शेवटी एक मालवाहू गाडीवाला आपणहून थांबला होता. त्याच्या गाडीतून दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

"मंग गाडी काहून लपवली?" मी त्याच्याच बोलीत विचारलं.

"चोरून न्याची नव्हती, साहेब. फोन तर कोणी उचलत नाही, मंग मीबी बंद करून ठेवला. गाडी नाही भेटली, तर कोणीतरी शोधत येईन, असं वाटलं. आलं, की त्याले विचारीन. रोज खळ्यात बसून राहिलो. दहावं झालं तरी कोणी नाही आलं. आले तर तुम्ही आले."

दुसऱ्या दिवशी मी मालकाला बोलावलं. ट्रॅकर बंद होण्याआधी गाडी कुठं होती, इंजिन कोणी बंद केलं, एवढंच विचारलं. तो आधी मशीनवर ढकलू लागला. सगळं आपोआप होतं म्हणाला. मग मी त्या फोनवरच्या मुलीला महिला शिपायासमोर वेगळं बसवलं. तिला फार विचारावं लागलं नाही. जणू कोणी विचारेल याचीच ती वाट पाहत होती.

"सर, मी त्यांना सांगितलं होतं, गाडीत पेशंट आहे म्हणून. ते म्हणाले, सगळे असंच सांगतात, ॲपवरून करू दे. त्या नंबरचा कॉल परत घेऊ नको म्हणाले." तिनं ओढणीनं डोळे पुसले. "चालू करायचा पासवर्ड माझ्याकडे नसतो."

मालकाला हे ऐकवलं, तेव्हा त्यानं मान खाली घातली. पण मग तो जे म्हणाला, ते मला खोटं वाटलं नाही. "सर, रोज कोणाची तरी आई सिरियस असते, कोणाचा बाप. कितीक खरे मानायचे?"

गाडी नेणाऱ्याला जबाब घेऊन आम्ही सोडत होतो. मालकानं त्याला ठाण्यातच गाठलं आणि भाडं परत करतो म्हणाला. त्या माणसानं ते ऐकून घेतलं. इतके दिवस जपून ठेवलेला प्रश्न आता तो विचारेल, असं मला वाटलं. त्यानं विचारला नाही. "साहेब, जाऊ का मी? तेरवीचं सामान घ्याचं हाय," एवढं म्हणून तो उठला.

त्याच्यावरच्या गुन्ह्यात चोरीचा हेतू दिसत नाही, सबब गुन्हा बंद करावा, असा समरी अहवाल आम्ही कोर्टात पाठवला आणि तो मंजूर झाला. मालकावर हयगयीचा गुन्हा लावला. पण शवविच्छेदन झालेलं नव्हतं, आजार जुना होता, आणि वेळेवर पोचला असता तर म्हातारा वाचला असता, असं लेखी द्यायला एकही डॉक्टर तयार नव्हता. तो खटला टिकला नाही. गाडी कोर्टाच्या आदेशानं मालकाला परत गेली. ती चादर मी आधीच हवालदाराबरोबर गावी पाठवली होती.

मालकाचं ते वाक्य मला बरेच दिवस सोडत नव्हतं, कारण ते चुकीचं नव्हतं. ठाण्यातही रोज कोणी ना कोणी घरच्या आजारपणाचं कारण सांगतं, आणि त्यातली बरीच कारणं खोटी असतात. ऐकून ऐकून कान बधिर होतात. मग खरं सांगणाराही त्याच आवाजात बोलतोय असं वाटू लागतं.

नोकरीचे उरलेले महिने मी एक सवय लावून घेतली. घरी पेशंट आहे असं कोणी म्हणालं, की मी विचारायचो, "कोण आहे? नाव काय त्यांचं?" खोटं सांगणारा बहुधा क्षणभर थांबे. खरं सांगणारा लगेच नाव सांगे, आणि मग न विचारता पुढचंही सांगत राही. या प्रश्नाला फार वेळ लागत नाही. त्या मुलीच्या आणि मालकाच्या जबाबात मी मुद्दाम शोधून पाहिलं होतं. म्हाताऱ्याचं नाव दोघांनाही माहीत नव्हतं.