अर्धा सेंटीमीटर

माझा मुलगा पुण्याला कॉलेजात होता, त्या तीन वर्षांत तो दर सहा महिन्यांनी निझव्याला यायचा. आमच्या ओढीने येतो असं मी कधी कुणाला सांगितलं नाही, कारण ते खरं नव्हतं. ओमानचा रहिवासी व्हिसा असलेला माणूस सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिला की व्हिसा जातो. म्हणून इथल्या आमच्यासारख्यांची मुलं भारतात शिकायला गेली की वर्षातून दोनदा हजेरी लावायला येतात. पंधरा दिवस राहतात, आईच्या हातचं जेवतात, पासपोर्टवर शिक्का घेतात आणि जातात. आम्ही त्याला व्हिसा जिवंत ठेवणं म्हणतो.

मला तो व्हिसा जिवंत हवा होता. निझव्यात माझं पडद्यांचं आणि सोफ्यांचं दुकान. ओमानी घरांत बैठकीच्या खोलीला मजलिस म्हणतात. तिच्या भिंतीलगतच्या गाद्या, लोड, तक्के आम्ही करतो. चिपळूणजवळच्या खेड्यातून मी कारागिराच्या हाताखाली आलो होतो, आता माझ्या हाताखाली चार कारागीर होते. दुकान कागदोपत्री अर्बाबचं, म्हणजे ओमानी मालकाचं, पण त्यातला एकेक खिळा मी ठोकलेला. बी.कॉम. झालं की मुलाने तिथे बसायचं हे मी धरून चाललो होतो. त्याला विचारलं नव्हतं. विचारलं की माणूस भाव करायला लागतो.

पहिल्या चार-पाच खेपा मी निर्धास्त होतो. पुण्याहून येताना तो प्रोटीनचा डबा आणायचा. सकाळी सहा अंड्यांचं पांढरं स्वतः खायचा आणि पिवळं आईपुढे सरकवायचा. जिममधून आला की आरशासमोर दंड वळवून फोटो. मनगटावर पावलं मोजणारा पट्टा. दहा हजार पावलं भरली नाहीत तर जेवण झाल्यावर हॉलमध्ये सोफ्याभोवती फेऱ्या मारायचा. मोबाइलवर एक खेळ होता, त्यात शंभर जण बेटावर उतरतात आणि एकमेकांना गोळ्या घालत शेवटी एक उरतो. शनिवार-रविवार इंग्लंडचा फुटबॉल, इतर वेळी इंग्रजी मालिका. एक संपली की दुसरी.

"अहो, बोला ना त्याला काही," बायको म्हणायची.

"खेळू दे," मी म्हणायचो. ज्या पोराला आरशाची आणि एसीची इतकी हौस आहे, तो कुठे लांब जाणार नाही, हा माझा हिशोब.

शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन तो जूनमध्ये आला आणि मला पहिल्याच दिवशी वास आला. प्रोटीनचा डबा नव्हता. अंडी आख्खी खाऊ लागला. तो गोळ्यांचा खेळ मोबाइलवरून काढून टाकलेला. फुटबॉलचं नाव नाही. त्याऐवजी तो मोबाइलवर मराठी वर्तमानपत्र वाचत बसायचा. मोठ्याने, ओळीखाली बोट धरून. हा पोरगा इथल्या इंडियन स्कूलमध्ये शिकलेला. लग्नपत्रिका आली तरी "पप्पा, व्हॉट डज इट से?" म्हणून माझ्याकडे आणणारा. आता जेवताना आईला विचारतो, "मम्मी, ग्रामसेवक आणि तलाठी, डिफरन्स काय?"

मी कुठलाही जुना सोफा दुरुस्तीला आला की आधी उलटा करतो. वरचं कापड काय, कुणीही चांगलं लावतं. पोराच्या बाबतीत मला खालचं दिसेना. आधी वाटलं मुलगी असेल, गावाकडची, जिच्या बापाला चांगलं मराठी बोलणारा जावई हवा असेल. मग वाटलं कुठल्या तरी पक्षात घुसला. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "मराठी वाचतोय, दारू नाही पीत. कसला संशय घेता?" ती इतक्या पटकन बोलली की तिच्यावरही संशय आला.

पहाटे तो धावायला जायचा. जूनमध्ये निझव्यात सूर्य वर आला की पायाखालचा दगड भाजतो, म्हणून उजाडायच्या आत. चौथ्या दिवशी मी पिकअप घेऊन मागे गेलो. गावाबाहेर वादीचं, म्हणजे पावसापुरत्या वाहणाऱ्या नदीचं, कोरडं पात्र आहे. तिथे तो धावत होता, पण व्यायामाला धावतात तसं नाही. ठरलेल्या दोन खुणांमध्ये जीव तोडून, आणि पोहोचला की घड्याळ बघत. मग वाळूत रेघ ओढून लांब उडी. उडी झाली की परत येऊन पावलांनी अंतर मोजायचं. मग एक गोल जड दगड खांद्याशी धरून एका हाताने ढकलायचा.

शेजारच्या खजुराच्या बागेला पाणी सोडणारा एक म्हातारा ओमानी माझ्या खिडकीशी आला. "तुझा मुलगा?"

"माझाच."

"त्याचं दगडाशी काय भांडण आहे?"

मी हसलो नाही. ते फेकणं मी ओळखलं होतं, पण मनात त्याला नाव द्यायचं टाळत होतो. गाडी वळवून सरळ दुकानात गेलो आणि कारागिरांवर ओरडलो.

इथे दुपारी एक ते चार दुकानं बंद असतात. त्या दिवशी मी साडेबाराला शटर ओढलं. घरात शिरलो तर आतल्या खोलीतून बायकोचा आवाज.

"हलू नको रे. आता श्वास घे. अजून घे. पंच्याऐंशी, नाही, शहाऐंशी."

"आणि न फुगवता?"

"साडेऐंशी. झालं की तुझं."

न फुगवता, फुगवून. हे दोन शब्द छातीच्या मापाबद्दल एकाच ठिकाणी बोलतात. पोलीस भरतीत.

आता माझं सांगतो, त्याशिवाय माझा राग कळणार नाही. वयाच्या बाविसाव्या वर्षी मी आणि माझा धाकटा भाऊ एकाच मैदानावर, एकाच रांगेत भरतीला उभे होतो. मी पुढे, तो मागे. छाती फुगवून पाच सेंटीमीटर वाढायला हवी. माझी साडेचार भरली. मी मापवाल्याला म्हणालो, "साहेब, तुम्ही पट्टी ओढली." त्याने मान वर न करता सांगितलं, "पुढचा." पुढचा म्हणजे भाऊ. त्याची पाच भरली. तो खात्यात गेला, मी एजंटामार्फत इकडे आलो. आदल्या दिवशी भाऊ मैदानाबाहेरच्या टपरीवर त्याच मापवाल्याशी बोलताना मी पाहिला होता. काय बोलला ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. पुढे आमचं बोलणं सणासुदीपुरतंसुद्धा उरलं नाही.

आणि मुलगा पुण्यात राहत होता तो याच भावाकडे. बायकोने सुचवलं आणि मी वसतिगृहापेक्षा स्वस्त पडतं म्हणून हो म्हटलं होतं. व्यवहार माझाच, त्यामुळे आता संताप दुप्पट.

मी दार ढकललं. पुन्हा एकदा फुगवून मोजणं चालू होतं. मुलाने कोंडलेला श्वास एकदम सोडला.

"काकाने डोक्यात भरवलं ना हे?"

"पप्पा, नाही. पीएसआयची परीक्षा आहे. मी ठरवलं. काका तर नको म्हणाले. म्हणाले, तुझा बाप आधी मला मारेल, मग तुला."

बायकोला हसू आलं. तिने ते पदरात दाबलं.

"आणि व्हिसा?"

"या वेळी शेवटचा आलो. डिसेंबरला नाही येणार. मरू दे व्हिसा."

मी पलंगावर बसलो. भाव सुरू झाला की मी बसतो.

"दोन दिवस ये. गुरुवारी उतर, शनिवारी जा. तिकीट माझं."

"नाही."

"बरं, एक दिवस. विमानतळावरूनच परत फीर. शिक्का पडला की झालं."

"पप्पा, व्हिसा असेल तर मी अभ्यास नाही करणार. आय नो मायसेल्फ. इथे दुकान आहे, एसी आहे, मम्मीचं जेवण आहे. फेल झालो तरी काय, असं वाटत राहणार."

एवढं बोलून तो गप्प बसला. किंमत सांगायची आणि तोंड मिटायचं. जो आधी बोलेल तो खाली येतो. हे मीच त्याला आठवीत असताना कापडाच्या घाऊक दुकानात शिकवलं होतं. मी पाच मिनिटं थांबलो. तोही थांबला. शेवटी मीच बोललो.

"छाती किती वाढते?"

"साडेपाच. आत्ताच मोजली."

दार ढकललं तेव्हा मी बघितलं होतं कशी मोजतात ते. बायको त्याच्या खांद्यालाही लागत नाही. समोरून पट्टी धरली होती, मागे ती चार बोटं खाली घसरलेली, वर टी-शर्टच्या चुण्या. पंचवीस वर्षं माझ्या गळ्यात मापाची पट्टी आहे. असं माप घेणाऱ्या कारागिराला मी दुसऱ्या दिवशी कामावर ठेवत नाही.

"शर्ट काढ," मी म्हणालो.

मागे खांद्याच्या पात्यांच्या टोकाखाली पट्टी लावली, सगळीकडून सरळ केली, हात खाली सोडायला लावले. न फुगवता साडेऐंशी. फुगवून पंच्याऐंशी. पुन्हा घेतलं. तेच.

"साडेचार."

त्याने मान वळवून माझ्या बोटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुम्ही पट्टी ओढली."

"काय?"

"व्हिसासाठी. तुम्ही ओढली, पप्पा."

पुढचं मला नीट आठवत नाही, बायकोने नंतर सांगितलं. मी पट्टी भिंतीवर फेकली, स्टूल लाथाडलं, माझ्या मापावर निझव्यातले शेख डोळे मिटून कापड कापायला देतात असं ओरडलो आणि चप्पल न घालता गाडीत बसलो.

बंद दुकानात चार वाजेपर्यंत बसून होतो. पंखाही लावला नाही. आधी मुलाला शिव्या घातल्या, मग भावाला. मग एका लोडाभोवती पट्टी गुंडाळून बघत बसलो, माझं बोट खरंच ओढतं का. ओढत नव्हतं. मग तो मापवाला आठवला. समोरच्याला यातून काय मिळणार, हा सवाल मी आयुष्यात प्रत्येक सौद्याआधी विचारला. त्या माणसाला माझ्या अर्ध्या सेंटीमीटरमधून काय मिळणार होतं, हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं. भावाला मी त्या दुपारी सोडून दिलं असं नाही. टपरीवरचं बोलणं अजून आहेच.

पण एक गोष्ट समोर स्पष्ट होती. मुलाचा विश्वास आईच्या साडेपाचावर होता. मी फक्त गप्प बसायचं होतं. तो खुशीत पुण्याला गेला असता, मैदानावर अर्ध्या सेंटीमीटरने बाहेर पडला असता, आणि अर्बाबने त्याचा कामाचा नवा व्हिसा काढून दिला असता. इतका स्वस्त सौदा माझ्याकडे कधी चालून आला नव्हता. तो घ्यावा असं मला वाटलं, हे लपवत नाही. दोन दिवस वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी मुलगा वादीत गेल्यावर मी बायकोला उठवलं आणि बनियन काढून तिच्यापुढे उभा राहिलो.

"अहो, हे काय सकाळी सकाळी?"

"माप घ्यायला शीक. माझ्यावर. स्टूलवर उभी राहा. मागून सुरुवात कर, पात्यांच्या टोकाखालून."

"श्वास घ्या." तिने घेतलं. "अगंबाई, छातीआधी तुमचं पोटच फुगतंय."

"पोटाकडे बघू नको. पट्टी बघ."

तीन सकाळी शिकवलं. चौथ्या दिवशी तिचा हात बसला. "त्याला माझं नाव सांगू नको," मी बजावलं. "माझ्याकडचं माप तो घेणार नाही."

त्या दुपारी मी बाहेर हॉलमध्ये टीव्ही लावून बसलो, आवाज बंद करून. आतून स्टूल सरकवल्याचा आवाज आला. मग बायको म्हणाली, "साडेचार रे, बाळा."

"परत घे."

"साडेचारच."

तो म्हणाला, "ओके."

दुसऱ्या दिवसापासून घरात फुगे आले. छाती वाढायला फुगे फुगवायचे, हे त्याने कुठल्या तरी व्हिडिओत पाहिलं होतं. सोफ्याखाली, न्हाणीघरात, फ्रीजवर, जिथे तिथे लाल-पिवळे फुगे. कारागीर चहाला घरी आला तो विचारतो, "सेठ, बड्डे किसका?"

मस्कतच्या विमानतळावर मी शेवटचं एकदा बोललो. "सहा महिन्यांना बारा दिवस कमी असताना कळव, मी तिकीट..."

"पप्पा, खलास," तो म्हणाला आणि पाया पडून आत गेला.

डिसेंबरात ती तारीख आली. तो आला नाही. अर्बाबने विचारलं, मुलगा कुठे आहे? मी म्हटलं, पुण्यात. इन्शाल्ला येईल, तो म्हणाला.

त्याच आठवड्यात दुपारी मुलाचा फोन आला. नेटवरचे कॉल इथे बंद असतात, म्हणून त्याने आईच्या मोबाइलवर आडवाटेचं एक ॲप टाकून दिलं होतं. त्यात आवाज तुटत यायचा. बायकोशी बोलून झाल्यावर तो म्हणाला, "पप्पांना दे."

"बोल."

"काकांनी मोजली. पाच म्हणतात. पण मला नाही वाटत पाच आहे. तुम्ही मम्मीला शिकवलं होतं ना? मागून कुठे लावायची, ते सांगा त्यांना."

बायकोकडे पाहिलं तर ती भांडी आवरायला निघून गेली होती.

"फोन काकाकडे दे," मी म्हणालो.

पलीकडे खाकरल्याचा आवाज आला. इतक्या वर्षांनी भाऊ काय बोलणार ते मला ठाऊक नव्हतं, त्यालाही नसावं. "मला माप शिकवतोस?" एवढंच तो म्हणाला. "पंचवीस वर्षं खात्यात काढली मी."

"शर्ट काढलाय का त्याने?"

"नाही. थंडी आहे इथे."

"काढायला लाव. पात्यांच्या टोकाखाली धर. मागे वाकून बघ, घसरली नाही ना."

तो फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. मग पोराने श्वास घेतलेला ऐकू आला, लांबलचक. मी फोन कानाला घट्ट दाबून उभा होतो.

"चार पॉइंट आठ," भाऊ म्हणाला. "पाच नाही."

"मैदानाला किती दिवस आहेत?"

"दोन महिने धर."

"मग फुगे आण त्याला," मी म्हणालो. "मोठे आण. आणि भाव करून घे."