जयवंता सिस्टर आणि कारणाचा रकाना

जयवंता सिस्टरचं आणि माझं पहिली दोन वर्षं पटलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी शेषराव. अमरावतीच्या एका धर्मादाय दवाखान्याचं स्वयंपाकघर बावीस वर्षांपासून सांभाळतो. ती मूर्तिजापूरची. रोज पहाटेची गाडी धरून बडनेऱ्याला उतरते आणि तिथून ऑटोने ड्युटीवर येते. चाळिशीची, बुटकी, केस घट्ट बांधलेले आणि खिशात कायम तीन पेनं. मला राग यायचा तो त्या पेनांचा.

बाकीच्या सिस्टर औषधांचं लिहितात. ही बाई जेवणाचंही लिहायची. कोणी किती खाल्लं, वरणाची वाटी कोणाची तशीच राहिली, वजन किती उतरलं. तिच्या केअर प्लॅनच्या आडव्या कागदावर रकाने असायचे. अडचण काय, कारण काय, करायचं काय आणि शेवटी, केल्याचा फरक पडला का. ‘पेशंट जेवत नाही’ एवढं लिहून तिचं भागत नसे. "शेषरावभाऊ, न जेवणं ही नुसती खूण हाय. कारण चुकलं का पुढचं सारं चुकते," असं मला ऐकवायची. मी मनात म्हणायचो, बाई, तू इंजेक्शनं दे, भाजीचं माझं मी बघतो.

आता माझ्या स्वयंपाकघराची रीत सांगतो, कारण सगळं तिथेच अडलं होतं. शेगडीच्या वर अंबादेवीचा फोटो आहे. स्वयंपाक झाला की आधी देवीला ताट दाखवायचं आणि मग त्या ताटातलं थोडं थोडं परत प्रत्येक पातेल्यात मिसळायचं. म्हणजे शंभरही ताटं प्रसादाची. शिवाय, ताट वाढणाऱ्या वर्षालीला मी शिकवून ठेवलं होतं की ताट देताना म्हणायचं, "प्रसाद आहे, टाकू नका." तेव्हापासून उष्टं निम्म्यावर आलं. ट्रस्टींनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली होती. त्या वाक्याचा मला भारी अभिमान होता.

मागच्या हिवाळ्यात रिद्धपूरजवळच्या एका खेड्यातून पार्बताबाई आल्या. सत्तरीच्या, भाजीच्या वाडीत पाय घसरून खुब्याचं हाड मोडलेलं. ऑपरेशन नीट झालं, पण नवव्या दिवशीही जखम भरेना. वजन एक्केचाळीसवरून अडतीसवर आलं. ताट जसंच्या तसं परत यायचं. त्यांचा मुलगा शेखर बाहेर खानावळीत जेवायचा आणि आईसाठी केळी-बिस्किटं आणून ठेवायचा. तेवढ्यावरच बाई तगल्या होत्या.

सिस्टरने कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘भूक मंदावली आहे’. त्याप्रमाणे भुकेचं औषध सुरू झालं, थोडं थोडं पाच वेळा द्यायचं ठरलं. मी मऊ खिचडी केली, शिरा केला. फरक शून्य. शेवटी डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळच्या राउंडपर्यंत असंच राहिलं तर नाकातून नळी घालू. नळीचं ऐकून म्हातारी रडली. मी मात्र चिडलो होतो. माझ्या हातचा शिरा परत येतो म्हणजे काय?

त्या दुपारी जयवंता सिस्टर स्वतः जेवण सोडून पार्बताबाईंच्या खाटेजवळ उभी राहिली आणि नुसतं बघत राहिली. वर्षालीने ताट दिलं, नेहमीचं वाक्य म्हटलं. म्हातारीने ताटाला हात जोडले, त्यावर ताटली झाकली आणि बाजूला सरकवलं. मग उशीखालचं केळं काढून दोन घासांत संपवलं. भूक मेलेलं माणूस असं खात नाही. सिस्टरने आपला डबा उघडून मेथीची भाजी आणि भाकर पुढे केली.

म्हातारीने विचारलं, "हे कोन्या देवाले दाखवलं का, बाई?"

"नाही, आजी. पहाटे चारले उठून करतो. देवाले दाखवाले टाइम कुठं हाय मले?"

म्हातारीने अख्खी भाकर खाल्ली. सिस्टर म्हणाली, "आजी, मंग आमचं ताट कावून वापस करता?"

"ते पोरगी म्हणते ना, प्रसाद हाय. म्या महानुभाव पंथाचा उपदेश घेतला हाय, बाई. दुसऱ्या देवाचा प्रसाद मले चालत नाही. पन रांधणाऱ्याले कसं सांगू? त्याच्या देवाले नावं ठेवल्यावानी होते. म्हनून म्हणत होती, भूक नाही."

शेखरने स्वतः उपदेश घेतलेला नव्हता, आणि दवाखान्याचं जेवण प्रसादाचं असतं हे त्या खानावळीत जेवणाऱ्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं. सिस्टर तडक माझ्याकडे आली आणि हे सगळं सांगून म्हणाली, "भाऊ, आजीचं ताट नैवेद्याच्या आधी काढा."

माझं डोकं फिरलं. "देवीच्या आधी मानसाचं ताट? बावीस वर्षांत झालं नाही ते."

"नैवेद्य बंद करा म्हणत नाही मी. एक ताट म्हणतो."

"मंग नळी घाला," मी म्हणालो. बोलून गेलो आणि माझी मलाच लाज वाटली. ती तशीच वळून निघून गेली. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

मी कांदा चिरायला बसलो, पण हात चालेना. मग उठून वॉर्डात गेलो. खरं सांगतो, इतक्या वर्षांत माझं जेवण कोण खातं हे बघायला मी कधी जिना चढलो नव्हतो. पार्बताबाईंची मनगटं माझ्या पळीच्या दांड्याएवढी झाली होती. मी कोण ते कळल्यावर त्यांनी हात जोडले.

"दंडवत प्रणाम, दादा. तुमच्या हातचं चांगलंच असन. राग नका धरू."

राग धरू नका, हे ती मला म्हणत होती. "भाकर कशी लागते तुम्हाले, जाड का पातळ?" एवढंच विचारलं.

"पातळ. आन वरनात लसन."

खाली येऊन मी देवीसमोर उभा राहिलो. म्हटलं, आई, आजपासून एक ताट तुझ्या आधी जाईल, समजून घे. फोटो नेहमीसारखाच होता. खरं म्हणजे पहिलं ताट तिने कधी मागितलंच नव्हतं, ती सवय माझी. बाजूच्या शेगडीवर लहान पातेल्यात मुगाचं वरण चढवलं, लसणाची फोडणी दिली, पातळ भाकर केली, दही आणि शेंगदाण्याची चटणी घेतली. सिस्टरने वाटीवाटीचं माप लिहून दिलं होतं, कारण जखम भरायला डाळ-दही पोटात जायलाच हवं. ताट मी स्वतः नेलं. वर्षालीला बजावलं, आजच्यानंतर ते वाक्य बंद. प्रसादाचं ताट चालतं का, हे प्रत्येकाला आधी विचारून ये.

म्हातारी जेवली. वरण दोनदा मागितलं. मी दाराआड उभा होतो आणि माझे डोळे भरून आले, ते कांद्याने नव्हे. सकाळी नाश्त्याचा सांजाही संपला. डॉक्टरांनी राउंडला कागद पाहिला आणि नळी रद्द केली. जयवंता सिस्टरने भिंतीला टेकून मोठा श्वास सोडला. तेव्हा मला कळलं की रात्रभर तीही माझ्यासारखीच घाबरलेली होती.

मला दुसरीही भीती होती. कारणाच्या रकान्यात आता माझं नाव येणार आणि फाइल ट्रस्टींकडे जाणार. तीन आठवडे मी तो कागद बघायचं टाळलं. तेवढ्या दिवसांत जखम कोरडी झाली, वजन चाळीसवर आलं आणि पार्बताबाई वॉकर घेऊन घरी जायला निघाल्या. जाताना स्वयंपाकघराच्या दारात थांबून म्हणाल्या, "दादा, घरी सून पातळ भाकर करत नाही. तुमची सवय लावून देली तुमी."

त्या गेल्यावर सिस्टर शेवटचा रकाना भरायला माझ्याच ओट्यावर बसली. आता मी वाकून पाहिलं. ‘भूक मंदावली आहे’ यावर आडवी रेघ मारलेली होती. खाली तिच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘भूक होती. न खाण्याचं कारण रुग्णाला विचारलं नाही.’ पुढे तिची सही. माझं नाव नाही, स्वयंपाकघराचं नाही, देवीचं तर नाहीच.

छातीवरचा दगड उतरला. पण ती एकटी सही काही मला बघवेना. मी हात पुसले.

"सिस्टर," मी म्हणालो, "विचारलं तर म्याबी नव्हतं. माही सही कुठं करू?"

तिने खिशातलं एक पेन काढून मला दिलं आणि आपल्या सहीखाली बोट ठेवलं.