ट्रॉलीतून गेलेली पीएच.डी.

मी शेतात पोचलो तेव्हा माझी पीएच.डी. ट्रॉलीत भरून कारखान्याकडे निघाली होती.

माझा विषय होता उसाला कोणतं खत किती द्यावं. त्यासाठी ट्रायल प्लॉट लागतो. शेताचे छोटे तुकडे पाडायचे, प्रत्येकाला वेगळा डोस द्यायचा आणि शेवटी प्रत्येक तुकड्यातला ऊस वेगळा तोडून वेगळा तोलायचा. या वेगळ्या तोलण्याला संशोधन म्हणतात. बाकी सगळी नुसती शेती.

कॉलेजचं फार्म होतं, तरी माझा प्लॉट इस्लामपूरजवळ, माझ्या गाइडच्या रानात. "तिथली माती रिसर्चला चांगली," असं सरांचं मत. खत प्रोजेक्टचं, खुरपणी माझी, ऊस सरांचा.

त्या सकाळी कारखान्याची ऊसतोड टोळी आली. तोड मिळावी म्हणून आमच्याकडे भलेभले मुकादमाच्या मागे फिरतात, त्यामुळे सर हरखले. मला फोन करायचं विसरले आणि सगळे तुकडे एकत्रच तोडून घेतले.

"सर, या वर्षीचा डेटा गेला," मी बांधावरूनच म्हणालो.

"जातोय कुठं? मागचे दोन हंगाम हायेत की. त्यांच्या मेळानं तिसरा बसव."

"न तोललेला ऊस कसा लिहू?"

"लय मनावर घेऊ नगंस गड्या. माझा थिसिस कसा झाला आसंल?"

हे त्यांनी इतक्या मायेनं सांगितलं की माझं डोकंच फिरलं. उन्हातान्हात राबलेले हंगाम डोळ्यांपुढे आले. रडूही येत होतं.

"सर, मी पीएच.डी. सोडतोय."

सरांनी ट्रॉलीवरची नजर माझ्याकडे वळवली. मला वाटलं, गुरूचं काळीज हललं.

"आरं, मग खोडव्याला पाणी कोण पाजणार?"

खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांना पुन्हा फुटणारं पीक. मी मोटारसायकलला किक मारली.

आता उंब्रजला माझी माती तपासायची लॅब आहे. आई अजून पाहुण्यांना "डॉक्टर व्हायचा राहिला" म्हणून सांगते. सरांना त्याच उसावर कारखान्याचं एकरी उत्पादनाचं बक्षीस मिळालं. सत्काराला मलाही बोलावलं होतं. भाषणात सर म्हणाले, हे संशोधनाचं फळ. मी टाळ्या वाजवल्या. कोणत्या डोसानं एवढा ऊस आला, ते त्यांनाही माहीत नाही आणि मलाही.

गाइड निवडताना पोरं त्याचे पेपर वाचतात. वाचावेत. पण आधी सातबारा बघावा.