वेग आणि वेळ

समचलन असलं की आमचे गणिताचे सर दोन्ही तळवे एकदम वर न्यायचे. व्यस्तचलन असलं की एक वर, एक खाली. मग वर्गाकडे बघून विचारायचे, "एक वाडलें, दुसरें कितें करता?"

गोवा नुकतंच घटकराज्य झालं होतं. डिचोलीतल्या आमच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत मराठी की कोंकणी यावर चहा गार होईपर्यंत वाद चालायचा. मी मराठीचा मास्तर, माझा आवाज सगळ्यांत मोठा. सर त्यात पडत नसत. पुस्तक मराठीतलं, समजावणं कोंकणीत, आणि पोरांना कळलं की स्वारी खूश. तुम्हालाही असे एखादे सर भेटले असतील.

वर्गातली निम्मी मुलं खनिजाच्या ट्रकवाल्यांची. बापाची मिळकत खेपांवर, त्यामुळे वेग वाढला की वेळ कमी, हे त्यांना घरीच ठाऊक झालेलं. या गणिताला आपली गरजच नाही, असं सर हसत सांगायचे.

सरांची एकुलती मुलगी कॉलेजच्या बससाठी रस्त्याकडेला उभी होती. भरधाव ट्रकखाली गेली.

बारावं उरकून सर शाळेत आले आणि पुढचा धडा नेमका चलनाचा निघाला. तो दुसऱ्या कुणीतरी घ्यावा, असं मी सुचवून पाहिलं. सरांनी नकार दिला. मला राहवेना, म्हणून मी व्हरांड्यात उभा राहिलो.

समचलन नीट पार पडलं. मग त्यांनी फळ्यावर 'वेग' लिहिलं, 'वेळ' लिहिलं आणि थांबले. पुढच्या बाकावरची एका ट्रकवाल्याची मुलगी सवयीने म्हणाली, "वेळ उणो जाता, सर."

आपण काय बोललो ते तिला उमगलं आणि ती रडू लागली. सर तिच्याजवळ गेले, डोक्यावर हात ठेवला.

"बरोबर सांगलें, बाय. घरा वचून बापायक सांग, वेळ वाडूं दी."

त्यांनी धडा पुरा केला. चतुर्थीच्या सुट्टीत पेडण्याला बहिणीकडे गेले, ते परत आले नाहीत. आम्ही बरेच दिवस वाट पाहिली.

आता मीही निवृत्त झालोय. रस्ता ओलांडायला उभा राहतो तेव्हा लाल धुळीतून ट्रक येत असतात. चालवणारे बहुतेक आमच्याच शाळेत शिकलेले. मला ओळखतात, हात करतात. वेग मात्र कुणी कमी करत नाही.