खाटेच्या उंचीचा समुद्र

कळंबात बाजार समितीच्या रस्त्यानं चालत गेलात तर दुकानांवरच्या जुन्या पाट्यांमधला ‘ळ’ नीट बघा. त्याचे दोन्ही गोळे अगदी सारखे असतील आणि अक्षराला बारीक काळी किनार असेल, तर ती पाटी कल्याणप्पाकाकांच्या हातची. चाळीस वर्षं त्यांनी पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि शाळांच्या भिंती रंगवल्या. “किनार न्हाय दिली तर अक्षर भिंतीत विरघळतं,” असं ते सांगतात. “त्याला धरून ठेवायला कुणीतरी लागतंच.”

आमच्या आणि त्यांच्या घरामध्ये एकच भिंत आहे. मी डिप्लोमा करून रस्त्यांच्या कामावर सर्व्हेयर म्हणून लागले, तेव्हापासून काका मला ‘इंजिनेर’ म्हणतात. त्यात निम्मं कौतुक असतं, निम्मी चेष्टा.

त्यांची मुलगी शिवप्रिया नर्स आहे. दोन वर्षांच्या करारावर ती अंदमानातल्या एका दवाखान्यात होती. करार संपायच्या आधी तिनं आई-वडिलांना विमानाची तिकिटं पाठवली. जायला महिना उरला असताना प्रेमाकाकू अंगणात धुण्याच्या दगडापाशी घसरल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. लातूरला ऑपरेशन झालं. काका म्हणाले, तिकिटं रद्द करू. काकूंनी ऐकलं नाही.

“पोरगी दोन वर्षं एकटी हाय तिथं. एकानं तरी तोंड दाखवा. मला बघायला गिरिजा येतीय,” त्या म्हणाल्या. गिरिजाबाई म्हणजे त्यांची धाकटी बहीण. “आन् समुद्र कसा असतो ते नीट बघून या. आल्यावर मला सांगायचं तुमी.”

काका आठ दिवस राहून आले. घरात पाय ठेवताच काकूंनी खाटेवरूनच विचारलं, “कसा हाय?”

काकांनी पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, “लई पाणी हाय.”

“ते मला इथं बसूनबी ठावं हाय.”

मोबाइलमधले फोटो दाखवून झाले. फोटोत शिवप्रिया, काकांची नवी टोपी, नारळाची झाडं, आणि मागे बोटभर निळी पट्टी. काकू म्हणाल्या, “मोबाइलात आपला पाझर तलावबी समुद्रच दिसतो.” पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी सांगितलं की इतका लांबचा प्रवास आता नको. शिवप्रियाचा करारही संपला. त्यानंतर काकूंनी समुद्राचं नावच काढलं नाही.

“तिनं विचारायचं सोडलं बघ,” काका मला म्हणाले. “विचारत होती तवर बरं होतं.”

मग त्यांनी खिशातून विमानाच्या बोर्डिंग पासचा तुकडा काढला. त्याच्या मागे पेन्सिलीनं लिहिलं होतं: ‘पहिला पट्टा: पांढरा पाव किलो, हिरवा अर्धा चमचा, पिवळा नुसतं बोट. दुसरा: मोरपिशी, त्यात पांढरा निम्मा. तिसरा: निळीच्या पुडीचा, त्यात काळा नको, जांभळा.’ असे सात पट्टे होते. सगळे फोटो काढत होते तेव्हा हे वाळूत बसून समुद्राचं मिश्रण लिहून घेत होते. तो तुकडा मी दोनदा वाचला. मी रोज मोजमापं लिहिते, पण पाणी असं कुणी उतरवून घेतलेलं मी पाहिलं नव्हतं.

त्यांनी तैलचित्र काढायचं ठरवलं. पाटीचा ऑइल पेंट त्यांना पाठ होता, पण तो रात्रीत वाळतो. समुद्राला तसा रंग चालणार नाही, असं त्यांचं म्हणणं. सोलापूरहून ट्यूबमधले रंग आणले. ते कालवायला जवसाचं तेल लागतं हे कळल्यावर मात्र ते हसत सुटले. “समुद्र अंदमानात आन् त्याचं तेल आपल्या रानात!” आडत बाजारातून जवस आणलं, घाण्यावर तेल काढलं, गाळून काचेच्या बरणीत भरलं आणि बरणी गच्चीवर उन्हात ठेवली. महिन्याभरात तेल निवळून पातळ मधासारखं दिसायला लागलं. सात फूट लांब, चार फूट उंच चौकटीवर मांजरपाट ताणून, त्यावर सरस आणि पांढऱ्याचे हात देऊन, चौकट दीड फुटी बाकावर ठेवून काकूंच्या खाटेसमोरच्या भिंतीला टेकवली. काकूंपासून लपवायला घरात दुसरी जागाच नव्हती. म्हणून वर एक जुनी सतरंजी टांगली. काका सतरंजीच्या आत शिरून काम करायचे.

“अवो, समुद्राला जवसाच्या चटणीचा वास येतो का?” काकू बाहेरून विचारायच्या.

“तू गप बस.”

“न्हाय, भाकरी घेऊन बसते म्हणलं.”

जूनमध्ये एक दिवस मला हाक आली. सतरंजी खाली आली. मी थक्क झाले. खाली वाळू, तिच्यावर पातळ हिरवं पाणी, इतकं नितळ की तळाचे खडे दिसावेत. मग मोरपिशी, मग गडद निळं, आणि वर आभाळ. काकूंनी मान वाकडी करून सगळं बघितलं. मग शांतपणे विचारलं, “पलीकडं कोणतं गाव हाय?”

काकांचा चेहरा उतरला.

मीही परत बघितलं. पाणी आणि आभाळ जिथं मिळतं तिथं काकांनी सूत मारून सरळ रेघ आखली होती आणि रेघेवर बोटभर जाडीची गडद किनार दिली होती. चाळीस वर्षांच्या हातानं समुद्रालाही किनार दिली होती. ती पट्टी हुबेहूब पलीकडच्या काठासारखी दिसत होती. आमच्या भागात पाणी म्हटलं की समोर काठ असतोच. तलाव असो, धरण असो, पलीकडे कुणाचं तरी शेत असतं. काकूंनी जन्मभर पाहिलेलंच पाणी तिथं होतं, फक्त जास्त निळं.

काकू सावरून घेत म्हणाल्या, “चांगलं हाय की. धरणासारखंच हाय.”

काकांनी त्याच दुपारी पत्र्याच्या पट्टीनं वरचा सगळा रंग खरवडून काढला.

दोन दिवसांनी ते माझ्याकडे आले. “इंजिनेर, एक सांग. तिथं दीपगृहाची टेकडी चढलो. मला वाटलं, वर गेलो की समुद्र खाली राहील. तर त्योबी माझ्यासंगं वर चढला. जितका मी वर, तितका त्यो वर. माझ्या डोळ्याच्या बरोबरीनं. मला भासच झाला का?”

“भास नाही काका,” मी म्हणाले. “क्षितिज नेहमी बघणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवरच दिसतं.”

“कुणाच्याबी?”

“कुणाच्याही. लहान मूल असो नाहीतर उंटावरचा माणूस.”

मी कागदावर पृथ्वीचा गोल काढला. काठावर उभ्या माणसाला साडेचार किलोमीटरपर्यंतचं पाणी दिसतं, त्यापुढचं गोलाईखाली जातं, असं सांगितलं. साडेचार किलोमीटर ऐकून ते नाराज झाले. “एवढंच? इतकं तर आमी बोर्ड टांगायला सायकलीवर जायचो.” मग एकदम थांबले. “म्हणजे पाणी तिथं संपत न्हाय. वाकतं.”

“हो.”

“पाणी वाकतं,” ते परत म्हणाले आणि कागदाकडे बघतच राहिले. हे सूत्र मी परीक्षेत दोनदा लिहिलं होतं. पण एवढं मोठं पाणी वाकतं याचं नवल मला त्या दिवशी, त्यांच्या तोंडाकडे बघताना, पहिल्यांदा वाटलं.

पुढच्या रविवारी आम्ही गवंड्याची पातळी बघायची पाण्याची नळी आणली. काकूंना खाटेवर त्यांच्या नेहमीच्या जागी बसवलं. मी नळीचं एक टोक त्यांच्या डोळ्याच्या कडेपाशी धरलं, काकांनी दुसरं चित्राच्या चौकटीपाशी.

“माझं काय माप घेताय? ब्लाउज शिवताय व्हय?” काकू म्हणाल्या.

“हलू नगंस.”

“समुद्राला माझा डोळा कशाला लागतोय?”

दोन्ही टोकांतलं पाणी स्थिर झालं. काकांनी तिथं पेन्सिलीचा ठिपका दिला. फरशीपासून तीन फूट पाच इंच. आधीची रेघ त्याच्या दीड फूट वर होती. ती उभ्या माणसाच्या, काकांच्या सवयीची होती.

या वेळी त्यांनी सूत मारलं नाही. आभाळ आणि पाणी दोन्ही ओलं ठेवून त्यांनी कोरड्या ब्रशनं एकाचा रंग दुसऱ्यात ओढला. जवसाच्या तेलामुळे ती जागा तीन-चार दिवस ओली राहायची. रोज सकाळी ते किनार शोधायचे आणि जिथं सापडेल तिथं मऊ फडक्यानं पुसायचे. मी एकदा आत डोकावले तर ते उजवा हात डाव्यानं धरून उभे होते. “हात आपोआप रेघ मारायला जातोय,” ते म्हणाले आणि ब्रश डाव्या हातात घेतला. शेवटचा हात त्यांनी डाव्या हातानंच पूर्ण केला. मग वाळायला सोडलं.

गौरी बसायच्या आठवड्यात सतरंजी दुसऱ्यांदा उतरली. चित्र त्या ठिपक्याच्या मापानं भिंतीवर टांगलं होतं. काकू खाटेवर होत्या. मी त्यांच्या मागे उभी होते, म्हणून मला वाटलं, बरं आहे, पण थोडं खाली आहे. मग मी गुडघ्यावर बसून माझा डोळा त्यांच्या डोळ्याच्या पातळीवर आणला.

भिंत नव्हती. पाणी माझ्या पायापासून निघून डोळ्यापर्यंत वर येत होतं आणि तिथं, कुठं ते सांगता येत नव्हतं, त्याचं आभाळ होत होतं.

काका दाराशी उभे होते. त्यांनीच घाबरत विचारलं, “पलीकडं कोणतं गाव दिसतंय का?”

काकूंनी नजर न काढता नुसती मान हलवली. मग लाट येईल म्हणून घ्यावेत तसे पाय वर घेतले आणि हळूच म्हणाल्या, “खाट जरा मागं घ्या.”

“किती?”

“भिंतीपर्यंत घ्या.”

मी आणि काकांनी काकूंसकट खाट ओढून मागच्या भिंतीला लावली. फरशी समपातळीत होती, त्यामुळे समुद्र काकूंच्या डोळ्याच्या उंचीवरच राहिला.

“आता सांगा,” काकू म्हणाल्या. “तुमी कुठं उभे व्हतात?”

काकांनी चित्राकडे बोट केलं नाही. ते खाटेपाशी आले, टोपी काढली आणि काकूंशेजारी बसले.

“हितं,” ते म्हणाले.