आमची गल्ली वगळा

आमच्या नगरपालिकेच्या माहिती विभागात मी गेली एकोणीस वर्षं एकच काम करते. चार शब्दांत कळेल ती गोष्ट चाळीस शब्दांत लिहायची. पाणी कधी येणार नाही, कचऱ्याची गाडी किती वाजता येईल, वाचनालय सुट्टीच्या दिवशी उघडं की बंद. आणि उन्हाळा आला की मग विचारूच नका! पोहण्याच्या तलावाच्या वेळा, मुलांचं शिबिर, बागेतलं संध्याकाळचं गाणं, म्हाताऱ्यांचा सकाळचा व्यायाम. हे सगळं मी लिहायचे आणि ऐकाकाका गाडीवरच्या भोंग्यातून शहरभर वाचायचे. पत्रकही छापून घरोघरी जायचं, पण ते बहुतेक घरांत कपाटाच्या फळीवर अंथरलं जायचं. लोकांना कळायचं ते ऐकाकाकांमुळे.

ऐकाकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. प्रत्येक सूचनेआधी ते "ऐका, ऐका" म्हणायचे. मुलांनी तेच नाव ठेवलं आणि हजेरीपट सोडून सगळीकडे ते चिकटलं. बुटका माणूस, केस मागे वळवलेले, भर उन्हाळ्यातही गळ्याला मफलर. आवाज मोठा नव्हता, हे सांगून लोकांना पटत नाही. मोठा भोंगा होता. आवाज असा, की भांडायला आलेल्या माणसानं आधी खुर्ची ओढून बसावं. गुरुवारी दिवसभर पाणी नाही हे तो आवाज सांगायचा, तेव्हा लोकांना पाण्यापेक्षा सांगणाऱ्याचंच वाईट वाटायचं.

माझ्याशी त्यांचं रोजचं वाजायचं. मी कागद दिला की ते उभ्या उभ्या वाचायचे, मग चष्मा कपाळावर ढकलून म्हणायचे, "बाई, हे वाक्य तुम्ही बसून लिहिलंत. मला ते हलत्या गाडीत वाचायचंय. मध्ये कुठे श्वास घ्यायची सोय करा की."

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मग ते गेल्यावर मी दार लावून तेच वाक्य मोठ्यानं वाचायचे आणि निम्म्यात माझा श्वास संपायचा. मुकाट्यानं दुरुस्त करायचे. पण तुमचं बरोबर होतं, असं एकदाही म्हणाले नाही. माझा स्वभावच तसा आहे, त्याला काय करणार!

दिवसभर गळा वापरायचा आणि घरी गेल्यावर तो मिटून ठेवायचा, अशी त्यांची शिस्त होती. बायको त्यांची हसून सांगायची, "अहो, शहराला सगळं सांगून येतात आणि घरी आले की खुणा! भाजीत मीठ कमी पडलं तर तेही बोटानं." मुलगी लग्न होऊन लांब गेल्यावर त्या घरात बोलणारं माणूस एकच उरलं, ते म्हणजे काकू. त्या बोलायच्या आणि काका मान हलवायचे. फार आग्रह झाला तर गळ्यावर दोन बोटं टेकवायचे. उद्यासाठी राखून ठेवायचाय, असा त्याचा अर्थ. काकू म्हणायच्या, निवृत्त झाले की मी सगळा वसूल करणार आहे. त्याला दोन वर्षं उरली होती.

त्या वर्षी थंडी संपता संपता त्यांचा आवाज बसला तो उठेना. काढे झाले, वाफा झाल्या, मग मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं, गाठ वाईट आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. शस्त्रक्रियेला नऊ दिवस होते. तोवर आवाज बरा करणारी औषधं दिली आणि तो पुष्कळसा मोकळा झालासुद्धा, जाता जाता.

आवाज भरून ठेवायची कल्पना माझी. आजही कुणी ती साहेबांच्या नावावर घातली की मी गप्प बसते, पण ती माझी होती. सगळे वार, एक ते एकतीस तारखा, चोवीस प्रभाग, सकाळ-संध्याकाळच्या वेळा, "पाणीपुरवठा बंद राहील", "प्रवेश सर्वांना खुला आहे", असे तुकडे त्यांच्याकडून वाचून घ्यायचे. पुढे संगणकावर हवे तसे जोडले की कुठलीही सूचना तयार. मी दोनशे बारा चिठ्ठ्या लिहिल्या. या वेळी प्रत्येक चिठ्ठीत श्वासाची जागा ठेवली होती.

काकांना तर आनंदच झाला. "म्हणजे मी घरी बसलो तरी कामावर! साहेबांना सांगा, रजा मांडू नका." दप्तराच्या खोलीत भिंतींना घोंगड्या लावून आम्ही जागा केली. रोज दहाला ते यायचे, पाचला जायचे. एकेक चिठ्ठी तीनतीनदा वाचायचे. मध्ये खोकला यायचा, पाणी प्यायचे, स्वतःशी काहीबाही पुटपुटायचे, कधी घरचा फोन यायचा. संगणकवाल्यानं विचारलं, हे मधलं काय करायचं? मी म्हणाले, "कामाचं तेवढं ठेवा, बाकी सगळं काढून टाका. जागा अडते." पहिल्यापासून मी नीटनेटकी.

सातव्या दिवशी काकू आल्या, कोमट पाण्याचा थर्मास घेऊन. आत काम चालू होतं म्हणून दीड तास बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. काका बाहेर आले. काकूंनी विचारलं, "किती राहिलं?" काकांनी गळ्यावर दोन बोटं टेकवली, मग हातानंच सांगितलं, थोडंसं. काकूंनी मान हलवली, थर्मास दिला आणि निघून गेल्या. किती समजूतदार बाई, असं मला वाटलं. एवढंच वाटलं. आता त्या वाटण्याची लाज वाटते. नऊ दिवसांचा आवाज उरला होता त्या माणसाजवळ, आणि आम्ही तो प्रभाग एक, प्रभाग दोन करत संपवत होतो. संध्याकाळी उरेल तो उद्याच्या चिठ्ठ्यांसाठी राखायचा, म्हणून ते घरी गप्प. हे त्यांना सुचलं नाही, मला सुचलं नाही. काकूंना सुचलं असेल तर त्या बोलल्या नाहीत.

शस्त्रक्रिया चांगली झाली. काका घरी आले. मुलीनं एक पांढरी पाटी आणि निळं पेन पाठवलं, त्यावर लिहून बोलायचे. अक्षर सुरेख होतं. इकडे उन्हाळा लागला आणि गाडी निघाली. चालक तोच, भोंगा तोच. "ऐका, ऐका. सोमवार, तारीख सहा. मुलांचं उन्हाळी शिबिर, मोठी बाग, सकाळी साडेसात वाजता. प्रवेश सर्वांना खुला आहे." शहराला फरक कळला नाही. कित्येकांना वाटलं, काका बरे होऊन कामावर आले. साहेबांनी माझी पाठ थोपटली आणि खोटं कशाला बोलू, मी थोपटून घेतली.

तीन आठवड्यांनी काका कार्यालयात आले. माझ्या टेबलासमोर बसले, पाटीवर लिहिलं आणि माझ्याकडे वळवली.

'आमची गल्ली वगळा.'

मी विचारलं, "का हो काका? आवाज चिरका येतोय का?"

त्यांनी पुसून लिहिलं, 'ती गाडीशी बोलते.'

मला हसूच आलं. सवतीचा मत्सर ऐकला होता, पण स्वतःच्याच आवाजाचा? मी तसं बोलूनही दाखवलं. माझ्या जिभेला हाड नाही. काका हसले नाहीत. पुन्हा पुसलं आणि बारीक अक्षरांत पाटी भरेपर्यंत लिहीत राहिले. गाडी कोपऱ्यावर आली की ती हातातलं टाकून खिडकीत जाते. बरं म्हणते. ऐकलं म्हणते. काल म्हणाली, उन्हात फार फिरू नका. मी मागे पाटी घेऊन उभा असतो. ती वळत नाही.

मी पाटी दोनदा वाचली. मग चालकाला बोलावून सांगितलं की त्या गल्लीत भोंगा बंद ठेवायचा. काकांनी पाटीवर आणखी तीन शब्द लिहिले, 'तिला सांगू नका.' नाही सांगणार, असं मी म्हणाले आणि ते गेले.

आठ दिवसांत काकू आल्या. तक्रारीच्या खिडकीवर रीतसर अर्ज भरून तो घेऊन थेट माझ्यापाशी. अर्जात लिहिलं होतं, आमच्या गल्लीत नगरपालिकेच्या सूचना पोचत नाहीत, तरी दखल घ्यावी. इतकं सरळ वाक्य आमच्या विभागातून कधी बाहेर पडलं नसेल.

"बघते मी," मी म्हणाले, नजर चुकवून.

"बाई, मला शिबिर नको नि तलाव नको," काकू म्हणाल्या. "तुम्हाला खरं सांगते. ह्यांचा आवाज तेवढाच ऐकायला मिळतो. बरं, एक विचारू का? त्या खोलीत इतके दिवस बसले होते. तुमच्या त्या संगणकात कामाशिवायचं काही असेल ना? काहीही. मी फोन करायची ना दुपारी, तेव्हा म्हणायचे, येतो गं. तेवढं असलं तरी चालेल."

मी संगणकवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "तुम्हीच सांगितलं होतंत ना, कामाचं तेवढं ठेवा." दहा पावलं चालून मी परत आले. काकूंना सांगितलं, काढून टाकलंय. मी सांगितलं म्हणून काढलं.

वाटलं, आता रागावतील. रागावल्या असत्या तर मला सोसलं असतं. काकू अर्जाची घडी घालत म्हणाल्या, "घरी शेवटचं काय बोलले, माहीत आहे? दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी. मी वाट बघत होते, काहीतरी बोलतील म्हणून. तर म्हणाले, दिवा बंद कर. मी केला. मला काय माहीत, ते शेवटचं आहे. नाहीतर म्हटलं असतं, काय म्हणालात? ऐकू नाही आलं. म्हणजे परत तरी म्हणाले असते."

त्यानंतर माझ्याच्यानं खोटं बोलवेना. काकांना दिलेला शब्द मी मोडला. गाडी का येत नाही ते सांगितलं. पाटीवर काय लिहिलं होतं तेही सांगितलं.

काकूंनी अर्ज पर्समध्ये टाकला. "मागे उभे असतात होय?" त्या म्हणाल्या. "मला कसं कळणार, पाटीला आवाज असतो का?" आणि मग, "नको पाठवू गाडी." मला पहिल्यांदाच अगं-तुगं केलं त्यांनी.

पुढे मी दोन-चारदा त्यांच्याकडे गेले. काकू आता काकांच्या समोर खुर्ची टाकून बसायच्या, पाटी पूर्ण लिहून होईपर्यंत थांबायच्या, मध्ये वाक्य तोडायच्या नाहीत. काका लिहायचेही खूप. जन्मभर राखून ठेवलेलं सगळं निघत असावं. एकदा मुख्य रस्त्यावरून गाडी गेली आणि तो आवाज हलकेच घरात आला. "ऐका, ऐका." काकूंनी उठून खिडकी लावली. त्या वेळचा त्यांचा चेहरा मी पाहिला. काकांनी तो पाहिला का, मला माहीत नाही. ते मान खाली घालून लिहीत होते.

उन्हाळा संपत आला तेव्हा त्यांचं दुखणं परत उलटलं, छातीत उतरलं. या वेळी डॉक्टरांकडे काढण्यासारखं काही नव्हतं. बारा दिवसांत काका गेले. शेवटचे दोन दिवस हातात पेन धरवत नव्हतं, एवढंच मुलीनं मला सांगितलं. मी अधिक विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी गाडी बाहेर काढू दिली नाही. उन्हाळी कार्यक्रमांचा समारोप दोन दिवसांवर आला होता, शिवाय मोठी जलवाहिनी दुरुस्तीला काढल्यामुळे शहरभर पाणी बंद राहणार होतं. साहेब म्हणाले, लोकांना कळवायला हवं. मी म्हणाले, तुम्ही वाचा. मी काकूंच्या घरी गेले. घरात दहा-बारा माणसं भिंतीला टेकून बसलेली. काकूंनी मला जवळ बोलावलं.

"आज गाडीचा आवाज आला नाही कुठून," त्या म्हणाल्या.

"मीच बंद ठेवलीये, काकू."

"पाठव. आपल्या गल्लीतही येऊ दे. आता कुणाला वाईट वाटायचंय?"

मला रडू आवरेना. काय करायचं ते कळत नव्हतं म्हणून बाहेर जाऊन चालकाला फोन लावला. अर्ध्या तासात गाडी आली. कितीतरी दिवसांनी ती त्या गल्लीत वळली. घरातली माणसं दचकली, मुलीनं तोंडावर पदर घेतला. काका बोलत होते, नेहमीसारखे, घाई न करता, मध्ये श्वास घेत. "ऐका, ऐका. गुरुवार, तारीख अठ्ठावीस. सर्व प्रभाग. पाणीपुरवठा बंद राहील. नागरिकांनी पाणी भरून ठेवावे."

"बरं," काकू म्हणाल्या. आणि त्या उठल्या. मुलगी म्हणाली, आई, बस, मी बघते. त्यांनी ऐकलं नाही. आत गेल्या, बादली नळाखाली ठेवली, मग हंडा, मग घरात होती नव्हती तेवढी सगळी भांडी काढली आणि एकेक भरत राहिल्या.