ओट्याचे दोन फूट

सुमनताईंचा फोन वाजत होता आणि मी तो टेबलावर पालथा घालून ठेवला. हिमायतनगरच्या आमच्या ऑफिसात मीटिंग चालू होती, हे आपलं निमित्त. खरं म्हणजे गेले कित्येक महिने मी त्यांचे फोन असेच टाळत होतो. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा वैतागून उचलला, तर पलीकडे त्यांची मुलगी प्रणिता. "अंकल, आई गेली... सकाळी ड्यूटीला निघाली होती, दारातच बसली. ऑटो दारापर्यंत आला, पण तोवर सगळं झालं होतं." महिना उलटला, तरी तो पालथा फोन काही डोळ्यांपुढून जात नाही.

सुमनताई मूळच्या नांदेडकडच्या. लग्न होऊन अफझलगंजमागे, मुसी नदीच्या काठच्या वस्तीत आल्या, एका शाळेत आया म्हणून राबल्या, मुलीला शिकवलं. मी मूळचा पुण्याचा, इथे विद्यानगरात राहणारा आर्किटेक्ट. वस्तीने आपली गल्ली आपणच आखायची, असा एका संस्थेचा उपक्रम होता. त्यात नकाशे काढायला मी रविवारी जायचो. पावसाळ्यात तिथे घाण पाणी घराघरांत शिरायचं. नाली हवी होती, आणि नालीला जागा नव्हती. पहिल्याच दिवशी मी मोठ्या ऐटीत नकाशा पसरला. दारापुढच्या ओट्यांवर लाल अक्षरांत 'अतिक्रमण' लिहिलं होतं. ताईंनी चष्मा लावून ते वाचलं आणि म्हणाल्या, "दादा, हे खोडा. ओटा लिवा. अतिक्रमण म्हणल्यावर कोण देतंय? ओटा म्हणलं तर माणूस इचार तरी करतंय." मी मुकाट्याने खोडलं.

पुढे तर त्यांनी कागदच गुंडाळायला लावला. "तुमच्या कागदावर गल्ली लई रुंद दिसायलीय," म्हणाल्या, आणि डबाभर फक्की, म्हणजे मैदान आखायची चुन्याची पूड, घेऊन जमिनीवरच खऱ्या मापाची नाली आखली. मग सगळी गल्ली त्या रेघेच्या अलीकडून चालून पाहिली. भरल्या कळश्या घेऊन दोन बाया समोरासमोर आल्या, कुणी सायकल काढली, शेजारच्या रहमतबींनी सासूला खुर्चीत बसवून चौघांकरवी उचलून नेलं. म्हातारी आधी ओरडली आणि नंतर इतकी खूश झाली, की परत एकदा न्या म्हणाली. जिथे कोपर घासलं, तिथे रेघ पुसून नवी मारायची. असे पाच-सहा रविवार गेले. इतक्या वर्षांच्या धंद्यात मी एवढा चोख नकाशा केला नाही, आणि तो माझा नव्हताच.

शेवटी ठरलं, की प्रत्येक घराने ओट्याचे दोन फूट सोडायचे. ज्या घरात आत पाय पसरायला जागा नसते, तिथे ओटा म्हणजे बैठकीची खोली. तिथेच भाजी निवडायची, तिथेच भांडायचं. ताईंनी पहिली पहार आपल्या ओट्यावर घातली. मग दारोदार फिरल्या. त्यांच्या शब्दावर, आणि त्यांच्या मागे उभा राहून मान डोलावणाऱ्या माझ्या शिक्षणावर, गल्लीने ओटे तोडले.

नाली मात्र आली नाही. महापालिकेच्या दफ्तरातल्या ओळखीच्या माणसाने एकदा सहज सांगितलं, की काठ सुधारायची मोठी योजना होणार आहे, तोवर तिथली बारकी कामं बंद. तुमची फाइल मिटली. मला ताईंना तसं सांगायचं होतं. पुढच्या रविवारी सांगू, असं म्हणत राहिलो. त्या विचारायच्या, "दादा, कागद हलला का?" मी म्हणायचो, "हलेल, ताई." मग मी जाणंच बंद केलं... भित्रेपणाला कामाचा व्याप असं छान नाव असतं.

परवाच्या रविवारी धीर करून गेलो. प्रणिता कामावर होती. दाराला कुलूप होतं आणि समोर गल्लीभर फक्कीची रेघ, अर्धी ताजी पांढरी. रहमतबी वाकून ती ओढत होत्या. आता तरी खरं बोलावं म्हणून मी म्हणालो, "बी, नाली येणार नाही. फाइल कधीच बंद झालीय. मला ठाऊक होतं."

"मालूम है, सर," त्या म्हणाल्या. "सुमनबाई पिछले साल खुद दफ्तरकू जाके पूछ के आए. मेरेकू बोले, सरकू नक्को बोलो, उनो शरमिंदा होते."

"मग ही रेघ कशाला?"

"लकीर मिटी तो लोगां फिर ओटे बांध लेते. आज ऑटो दरवाजे तक आता. हर इतवार उनोच मारते थे. अब मैं."

म्हणजे 'कागद हलला का' विचारताना ताईंना उत्तर ठाऊक होतं. दर वेळी त्या मला खरं बोलायची संधी देत होत्या, आणि दर वेळी मी 'हलेल' म्हणून ती घालवत होतो. आता माफी मागायची तर कुणाची? कुलपाकडे बघत मी दोन पावलं पुढे सरकलो.

"सर," रहमतबी डबा धरून थांबल्या होत्या, "पांव जरा हटाव. लकीर पे खडे हैं."